जाऊबाई आणि पांढऱ्या कोंबड्या

जाऊबाई, आज मी पहिल्यांदाच एकटी जठारपेठेत अंडी घेऊन गेले. तुम्ही गेल्यापासून टोपली उचलायचं मनातच येत नव्हतं. पण कोंबड्यांना त्याचं काय? सुतक तर आपण बौद्ध दीक्षा घेतल्यापासून सोडलं, अंगातला थकवा मात्र कुणाला सोडता येतो? त्या कोपऱ्यातल्या बंगल्याच्या मागच्या दारी उभी राहिले, तर बाईंनी नेहमीसारखं आधी डावीउजवीकडे पाहिलं, अंडी पदराखाली घेतली आणि वर्तमानपत्रात बांधलेली आधीच्या अंड्यांच्या टरफलांची पुडी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "त्या मोठ्या नाही आल्या?" मी सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली. मग "पाणी देऊ का?" म्हणाल्या आणि खरंच आतून पेला भरून आणला. इतक्या वर्षांत त्या घरातलं पाणी मी पहिल्यांदा प्यायले, आणि तेही तुमच्या मरणाच्या निमित्तानं.

मला रडू आलं नाही. हल्ली येतच नाही. नुसतं कुठंतरी बसून राहावंसं वाटतं, आणि बसले की उठवत नाही. घरी येऊन पुडी चुलीपाशी ठेवली, आणि तिच्याकडे बघत तुमच्याशी बोलायला लागले. तेच आता लिहिते आहे. सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या. तुम्ही म्हणाल, "लिवून काय होते वं?" होत काहीच नाही.

भाऊजी वारल्यावर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा आम्ही अमरावतीला होतो. सात बाळंतपणं झालेली, त्यातल्या दोनच मुली जगलेल्या, आणि तुमचं सामान म्हणजे एक लोखंडी पेटी. पहिल्याच सकाळी मी चहाचा कप पुढे केला तर तुम्ही आधी अंगण झाडलंत आणि मग कप घेतलात. मला म्हणालात, "धाकटे, एक आयकून ठेव. देराच्या घरी मी बसून खानार नाई. ज्या दिवशी हात थांबले त्या दिवशी मले भाकर नोको देऊ." मी तेव्हा नवी होते, मला ते फार थोर वाटलं. पुढं पुढं त्या वाक्याचा राग यायला लागला. तुम्ही जेवायला बसलात की मला वाटायचं, या आता मनातल्या मनात हिशेब लावत असतील, आज एवढं केलं, एवढी भाकरी आपली.

मग आमच्या ह्यांची बदली अकोल्याच्या सरकारी कोंबडी केंद्रात झाली आणि ते एका खोक्यातून पुढं पांढरीशुभ्र होणाऱ्या पिल्लांचा चिवचिवाट घेऊन आले. लेगहॉर्न. तुम्ही ते नाव एकदाही नीट उच्चारलं नाहीत. तुमच्यासाठी त्या कायम "पांढऱ्या" राहिल्या. घरामागच्या मोकळ्या जागेत आपण छप्पर घातलं, खाली कुटाराची, वाळल्या भुशाची, गादी केली, आणि तुम्हाला तुमचं काम सापडलं. मला वाटतं अकोल्यात तुम्हाला खरं घर मिळालं ते त्या छपराखाली. आमच्या घरात तर तुम्ही शेवटपर्यंत पाहुण्यासारख्याच जेवलात.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते काही मिटलेलं नाही. ह्यांनी नंतर तांबड्या विलायती कोंबड्याही आणल्या, जाड पायाच्या, सावकाश चालणाऱ्या. आणि माझ्या माहेरून, बार्शीटाकळीहून, मी दोनचार गावरान आणल्या होत्या. तीन वाण एका छपराखाली. पांढरी जवळजवळ रोज अंडं द्यायची. तांबडी आपल्या मर्जीनं. गावरान तर अंडी घालायची थोडी, मिरवायची फार, आणि अंड्यांवर खुडूक बसली की महिनाभर तिच्याशी बोलायची सोय नाही. तुम्ही पांढऱ्यांच्या बाजूच्या. मी तांबड्यांच्या आणि गावरानच्या.

"तुले तांबडी आवडते," तुम्ही म्हणायच्या, "कारन ते तुयासारखी हाये. खाते बरुबर, काम सवडीनं."

"आणि तुम्हाला पांढरी आवडते कारण ती तुमच्यासारखीच हडकुळी आणि हट्टी आहे," मी म्हणायची.

ह्यांना हसू यायचं. ते म्हणायचे, केंद्रात साहेबलोकही यावरच वाद घालतात, फक्त खुर्च्यांवर बसून.

पण वाद नुसता गमतीचा नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात ते कळलं. अकोल्याचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, कोंबड्या तर दिवसभर चोच उघडी टाकून धापा टाकायच्या. पांढऱ्यांच्या अंड्यांची टरफलं पातळ व्हायला लागली. टोपलीत ठेवता ठेवता बोटानं दबायची. कधी कधी तर टरफलच नसलेलं, नुसत्या पापुद्र्यातलं अंडं कुटारावर पडलेलं सापडायचं. तांबड्यांची अंडी त्या मानानं घट्ट, आणि गावरानचं अंडं तर बारकं असलं तरी भिंतीवर मारून फोडावं असं. मी तुम्हाला ते दाखवायची. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोर्णेच्या पात्रातून शिंपले वेचून आणायच्या. खलबत्त्यात कुटून त्याचा चुरा पांढऱ्यांच्या पुढे ठेवायच्या. तुमच्या पदरात शिंपले, पायाला चिखल, आणि तोंडानं "टिक टिक टिक." तुमच्या पोटच्या पोरींचे एवढे लाड झाले नसतील.

जठारपेठेतली टरफलं त्याच काळातली. तिथं आपली अंडी घेणारी चारपाच घरं अशी होती की त्यांच्या पुढच्या दारी तुळस आणि मागच्या दारी आपण. खाणार सगळे, पण कचऱ्यात टरफल दिसलं तर शेजारी बोलतील. तेव्हा त्या बाया टरफलं पुडीत बांधून ठेवायच्या आणि आपल्याच हाती परत द्यायच्या. मला पहिल्यांदा अपमान वाटला होता. मी म्हटलं, आपण काय त्यांची घाण वाहायला आहोत? आयुष्यभर तेच केलं, आता दीक्षेनंतरही? तुम्ही पुडी उघडून बोटानं टरफलं चाचपलीत आणि म्हणालात, "घान कायची वं? चुना हाये हा. खानं लपवते ते, आन चुना आपल्याले देते. देऊ दे न." घरी आणून तुम्ही ती तव्यावर भाजायच्या, बारीक कुटायच्या, म्हणजे कोंबडीला ते टरफल आहे हे ओळखू येत नाही आणि अंडी फोडून खायची खोड लागत नाही. त्यांच्या घरचं लपलेलं पाप आपल्या कोंबड्यांच्या पोटात जाऊन पुन्हा अंडं होऊन त्यांच्याच घरी जायचं. या गोष्टीवर आपण दोघी स्वयंपाक करताना किती हसलो आहोत! अजूनही ती बाई डावीउजवीकडे पाहते तेव्हा तुमचं हसू आठवतं.

त्याच टरफलांनी तुम्हाला एकदा रडवलंही. ती चूक तुमचीच होती, आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी ती केली नसती. पुड्या साठत गेल्या. डबाभर चुरा झाला. तुम्हाला वाटलं, या नव्या पिल्लांना लहानपणापासूनच भरपूर चारावा, म्हणजे अंड्यावर यायच्या आधीच हाडं भक्कम होतील, पुढं उन्हाळा आला तरी टरफल पातळ पडणार नाही. हे दौऱ्यावर होते, विचारायला कुणी नव्हतं. मीही मान हलवली, कारण ते ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटत होतं. पोरीला लग्नाआधी चांगलं खाऊ घालावं तसं. तुम्ही कोंड्यात चुरा कालवत राहिलात, आणि तलंगा झालेली, अजून अंड्यावर न आलेली पिल्लं एकेक करून मलूल पडायला लागली.

ह्यांनी केंद्रातले डॉक्टर आणले. त्यांनी मेलेली एक तलंग आपल्या अंगणातच उघडली. आत काळजावर, गुर्द्यांवर पांढरी पूड साचलेली, कुणी खडूचा हात फिरवावा तशी. डॉक्टर शांत माणूस होता, रागावला नाही. म्हणाला, "बाई, अंड्यावर आलेल्या कोंबडीला चुना पाहिजे. पिलाला एवढा पचत नाही, त्याचे गुर्दे जातात. आधी भरून ठेवता येत नाही हो हे."

तुम्ही त्या उघडलेल्या पक्ष्याकडे बघत उकिडव्या बसून होतात. तो गेल्यावर म्हणालात, "भुकीनं मरते ते पाह्यलं होतं. लाडानं मरते ते आजच पाह्यलं." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी ताट घेऊन आले तर म्हणालात, "आज कायी कमावलं नाई वं मी, उलटं गमावलं." असा राग आला होता तुमचा! पण मी ताट झाकून ठेवलं. तुमच्यापुढं राग दाखवायची माझी प्राज्ञा नव्हती.

संध्याकाळी तुम्ही आपणहून बोलायला लागलात. मुलींच्या वेळी पोटुशी असताना तुम्ही सासूच्या नकळत भिंतीचे पोपडे खायच्या, ते तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत. चुना दिलेल्या भिंतीचे. ओल्या भिंतीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. सासूनं एकदा भिंतीतला खड्डा पाहिला आणि उंदीर समजून सापळा लावला. तुम्ही सांगताना इतक्या हसलात की खोकला लागला. मी विचारलं, "मग दूध का नाही मागितलंत?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी चंद्रच मागते आहे. "दूध? कोनाले मागू?" एवढंच म्हणालात.

पुढची गोष्ट मी इतक्यांदा मनात घोळवली आहे की आता तिच्या कडा झिजल्या आहेत. पांढऱ्यांची पहिली तुकडी उतारवयाला आली. अंडी मोठी पण विरळ, टरफल खरबरीत. बाजारातला कोंबडीवाला न्यायला आला. त्यानं सगळे जसे धरतात तसंच धरलं, एक तंगडी पकडून उलटी उचलली. काड असा आवाज झाला. कोंबडी ओरडलीही नाही, नुसते पंख पसरले. तुम्ही त्याच्यावर धावलात, "नीट धर न रे बाप्पा, लाकूड हाये का ते?" त्यानं दुसरी जपून धरली, तर तिचा पंख गेला. तिसरीचंही तेच. तो बिचारा हात वर करून म्हणाला, "बाई, ये मुर्गी है के पापड? मैंने तो बस उठाया." आणि मग त्यानं माझी म्हातारी गावरान उचलून पाहिली, त्या पांढऱ्यांच्या आजीच्या वयाची. तीही तंगडीला धरूनच. तिनं वळून त्याच्या मनगटाला अशी चोच मारली की रक्त आलं.

वादात मी जिंकले होते. तुम्ही पाय मोडलेली कोंबडी मांडीवर घेतलीत, तिच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवलंत. ते वाकडं झालं होतं. ह्यांना विचारलंत, "कुठं गेली इची हाडकं?"

"टरफलात गेली, वैनी," हे म्हणाले. "रोजच्या अंड्याला रोज चुना लागतो. दाण्यात, शिंपल्यात पुरला नाही तर ती आपल्या हाडातला काढून देते. गावरान असती तर खाणं कमी पडल्याबरोबर अंडं बंद केलं असतं. या वाणाला थांबणं माहीत नाही."

"म्हनजे दोस तिचा नाई. तिले तसंच काढलं हाये."

"हो. पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलाय हा वाण. जी थांबते ती बाद, जी देत राहते तिची पिल्लं ठेवायची."

तुम्ही कोंबडी खाली ठेवलीत, गुडघ्यावर हात टेकून उठलात. तेव्हाच तुमची पाठ वाकायला लागली होती, आणि उठताना तुम्ही नेहमी "आई वं" म्हणायच्या, त्या दिवशी म्हणाला नाहीत. माझ्याकडे पाहून हसत विचारलंत, "मंग मले कोनं निवडलं होतं वं, धाकटे?"

हे हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. मी घरात निघून गेले आणि उगाचच भांडी घासत बसले.

त्या दिवसानंतर आपल्या घरी कोंबडी तंगडीला धरून उचलायची नाही असा तुम्ही कायदा केलात. दोन्ही हात पंखांखालून घालायचे, छातीला आधार द्यायचा, तान्ह्या पोराला उचलतो तसं. कोंबडीवाल्यालाही शिकवलंत. तो तुम्हाला "मुर्गीवाली अम्मा" म्हणायला लागला. पण पांढऱ्या काही तुम्ही सोडल्या नाहीत. नवी पिल्लं आणायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आता सगळ्या तांबड्याच आणू. तुम्ही म्हणालात, "हाडकं मोडते म्हनून काय दोस देऊन हाकलून देशीन? देते बिचारी." शेवटी ह्यांनी छपराच्या मधोमध पऱ्हाट्यांचा, वाळल्या कपाशीच्या काड्यांचा, कूड घातला. एका बाजूला तुमच्या, दुसऱ्या बाजूला माझ्या. सकाळी अंडी वेचताना तुम्ही कुडापलीकडून विचारायच्या, "किती वं तुया राण्याईनं दिले?" आणि मी मुद्दाम सांगायची नाही.

मी तुमच्यासाठी पावशेर दूध लावलं, ते आपलं दुसरं भांडण. पेला तुमच्या हातात द्यायची, आणि मी पाठ फिरवली की तो माझ्या पोरांच्या पोटात. एकदा पकडलं तर म्हणालात, "वाढते लेकरू हाये, त्याले पाहिजे." मी म्हटलं, "आणि तुम्हाला?" तर उत्तर काय, "म्हाताऱ्या कोंबडीले शिंपले चारून काय अंडं येनार हाये?" रागानं तुमच्या तोंडाला लागायची माझी कधी हिंमत झाली नाही, पण त्या दिवशी मी पेला आपटला. दूध सगळ्या ओट्यावर सांडलं. तुम्ही शांतपणे फडकं घेऊन पुसलंत. भांडण तिथंच राहिलं. आजही ते तिथंच आहे, आणि आता मी एकटीच भांडते आहे.

तुम्ही पडलात ते काही मोठ्या उंचीवरून नाही. छपराच्या दारात, कोरड्या जमिनीवर, हातात दाण्याची पाटी. कूस बदलावी तशा एका अंगावर कलंडलात. मी धावत आले तर तुम्ही दाणे गोळा करत होतात. "उठवत नाई वं," म्हणालात, जणू काही चूल पेटत नाही असं सांगावं तसं. बाजेवर घालून आपण तुम्हाला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाजेवर घेताना शेजारच्या पोरांनी एकानं हात आणि एकानं पाय धरला, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की ती घाबरून मागं सरली. मग मीच तुमच्या काखेखाली हात घातले, ह्यांनी कमरेखाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला वजन लटकवून ठेवलं, मग काही दिवसांनी म्हणाले, घरी न्या, वय झालंय, हाडं ठिसूळ आहेत, जुळेल तेवढं जुळेल. खरं तर तुमचं वय एवढं नव्हतंच. पण हाडांचं वय वेगळं असतं, हे मला कोंबड्यांनी आधीच शिकवलं होतं.

बाज ओसरीत टाकली, छप्पर दिसेल अशी. पहिल्या आठवड्यात तुम्ही माझ्यावर डोळा ठेवून असायच्या. "पानी बदललं का? पांढऱ्याईले शिंपले टाकले का? कूड उंदरानं कुरतडला असन, पाह्य." मला बरं वाटायचं. पण जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, मग चतकोरावर. विचारलं तर, भूक नाही. मला ठाऊक होतं भूक का नाही ते. हात थांबले होते.

म्हणून मी अंड्यांची टोपली तुमच्या उशाशी आणून ठेवायला लागले. तडा गेलेलं अंडं ओळखणं हे तुमचंच काम होतं. दोन अंडी कानाशी धरून हलकेच एकमेकांवर टेकवायची. शाबूत असली तर टणक वाजतात, बारीक तडा असला तर आवाज बसका येतो. मला ते कधीच नीट जमलं नाही, जमलं असतं तरी मी न जमल्याचंच सोंग केलं असतं. तुम्ही पडल्या पडल्या अंडी वाजवायच्या, आणि त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खायच्या. मला वाटलं, माझी युक्ती लागू पडली. वरूडहून तुमची मोठी लेक संत्री घेऊन आली, तिलाही तुम्ही अंडी वाजवून दाखवलीत. तिनं सोललेल्या फोडी त्या दिवशी तुम्ही मुकाट खाल्ल्या.

मग एका सकाळी तुम्ही टोपली हातानं बाजूला सारलीत. "नोको. हात थरथरते. फुटन." मी म्हटलं, राहू द्या, मी करते. भाकरी दुधात कुस्करून आणली. तुम्ही तोंड फिरवलंत आणि छपराकडं बघत म्हणालात, "धाकटे, मले आता इकून टाक वं. मुर्गीवाल्याले सांग, नीट धरजो म्हना."

थट्टाच होती ती. तुमचे डोळे हसत होते. पण मी घास तुमच्या ओठाला लावून ओरडले, "खा गुमान! काहीतरी बोलू नका." तुम्ही घास घेतलात. बराच वेळ चावत राहिलात. माझ्या मनात काय होतं आणि तोंडातून काय निघालं! मला म्हणायचं होतं, जाऊबाई, तुम्ही काहीच करू नका. तुम्ही इथं पडून राहा. मी सकाळी उठते तेव्हा ओसरीत तुमचा खोकला ऐकू येतो, तेवढ्यानं मला चूल पेटवायचं बळ येतं. मी नवी होते तेव्हा मला भाकरी गोल थापता येत नव्हती, तुम्ही माझ्या वाकड्या भाकरी आधी आपल्या ताटात घ्यायच्या, म्हणजे ह्यांच्या ताटात जाणार नाहीत. माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत आणि डिंकाच्या लाडवातला एकही लाडू तोंडाला लावला नाहीत. माझी आई मला आठ वर्षांची टाकून गेली होती. तुम्ही आलात तेव्हा मला कळलं की बाई घरात असते म्हणजे काय असते. हे सगळं म्हणायचं होतं. पण आपल्यात असं बोलायची रीतच नव्हती. आपण एकमेकींना टोमणे मारायचो, आणि माया काय ती टोमण्यातून जायची. त्यानंतरही दिवस होते. मी रोज म्हणायची, उद्या बोलू. रोज काहीतरी काम निघायचं. पोरांची शाळा, दाणा संपला, छपराची ताटी उडाली. आणि तुम्ही अशा वेळी गेलात की मी कुडापलीकडं अंडी वेचत होते.

तुमच्या बाजूच्या कोंबड्या अजून देतात. माझ्या बाजूच्याही देतात, सवडीनं. हे परवा म्हणाले, कूड काढून टाकू का आता? मी नको म्हटलं. भांडण अर्धवट आहे. आणि खरं सांगायचं तर माझी बाजूही आता तेवढी पक्की राहिलेली नाही. तुमच्या त्या पांढऱ्यांनी आपल्या हाडांतून काढून दिलं तेच खाऊन माझी पोरं वाढली. त्या अंड्यांवरच तुमच्या दोन्ही मुली उजवल्या गेल्या. ते नको होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आणि हवं होतं असं तरी कोणत्या तोंडानं? फार दमायला होतं या विचारानं. परवा एक पांढरी नुसती बसून होती, अंडं नाही, काही नाही. मी तिच्यापुढे शिंपले ठेवले आणि तशीच तिच्याजवळ बसले. विकायची नाही असं ठरवलंय, अंडं देवो न देवो. तुम्ही असता तर मला वेड्यात काढलं असतं.

काल तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, त्रिशरण झालं, ओसरीत तुमची बाज होती तिथं आता सतरंजी अंथरली होती. वस्तीतल्या झाडून सगळ्या बाया आल्या होत्या. तुमच्या दोन्ही लेकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकेक जण तुमच्याबद्दल बोलायला उठली. सगळ्यांचं बोलणं एकाच वाटेनं चाललं होतं, किती राबली, कशी राबली, कुणाच्या घासाला मिंधी राहिली नाही. शेजारच्या काकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "बसून एक घास खाल्ला नाई माय तिनं. हात चालत होते तोवर होती. पडली तवाच सरली म्हना न."

आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले. बायांच्या सभेत मी कधी तोंड उघडलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "सरली नोती. पडल्यावर भी होती. कायी करत नोती, नुसती बाजेवर होती, मीच तिले खाऊ घालत होती. मले ते तशीच पाहिजे होती. अजून धा वर्सं तशीच पडून राह्यली असती, तरी मले पाहिजे होती."

तुमची वरूडवाली लेक उठून माझ्या गळ्यात पडली. जाऊबाई, घरभर माणसं होती, दारात, अंगणात, छपरापर्यंत. सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही तेवढ्या नव्हतात.